दोन खाचांचा चिमटा

श्रीहरी कपडे वाळत घालायला लागला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

एक्केचाळीस वर्षांचा माझा मुलगा. डोंगराच्या पोटातल्या पाण्याचा शास्त्रज्ञ. पण स्वतःचं खरकटं ताट त्याने आजवर कधी उचललं नाही. चूक माझी, मीच लाडावून ठेवला, हे माझी सून वीणा मला वर्षातून दोनदा ऐकवते आणि मी ऐकून घेते. तर हा माणूस गेले सात आठवडे मशीनचं गाणं संपायच्या आत उठून उभा. ओले कपडे टोपलीत भरतो, गॅलरीत जातो आणि पाठीमागे काचेचं दार ओढून घेतो. बनियन उलटे, मोजा एक इकडे एक तिकडे, माझ्या साडीची तर वळकटी. मी म्हटलं, "सर बाजूला, मी घालते." तर म्हणे, "नको आई, वारा फार आहे, तू आत बस." वारा! म्हसवडच्या वाऱ्यात मी बाळंतपणं काढली, आणि हा मला इथे जपानात, फुनाबोरीच्या नवव्या मजल्यावरचा वारा सांगतो. काढायलाही तोच. चिमट्यांचा पत्र्याचा डबासुद्धा त्याने वरच्या फळीवर नेऊन ठेवला. माझा हात पोचत नाही तिथे.

"तुझ्या नवऱ्याला झालंय काय?" मी वीणाला विचारलं.

"आई, करतायत तर करू द्या ना. मन रमतं त्यांचं. जवळचा मित्र गेलाय."

मित्र गेलाय, हे खरं. म्हणून मी गप्प बसले. मला गप्प बसवणारं माणूस अजून जन्माला यायचंय, पण मेलेल्या माणसापुढे मीही गप्प बसते.

पुष्कर आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचा. मूळचा नाशिकचा. तोयोसूला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम. बायको शिवानी, मूलबाळ नाही. दर रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला. श्रीहरीने त्याला पाण्याचा नाद लावला की त्याने श्रीहरीला, हे मला आजवर कळलं नाही; दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे. मेक्सिकोला जाऊन तीन आठवडे शिकून आले. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून गुहेत शिरायचं, आणि गुहा कसली, तर पाण्याने गळ्यापर्यंत भरलेली.

उत्तरेकडे डोंगरात एक गाव आहे. रेल्वेने आणि पुढे मोटारीने मिळून पाच तास. तिथला डोंगर चुन्याच्या दगडाचा. वर माथ्यावर मोठाले खड्डे आहेत, पावसाचं पाणी गिळून बसणारे, आणि खाली पायथ्याला एक झरा. निळाशार. बारा महिने बर्फासारखा गार. श्रीहरीने एकदा वरच्या खड्ड्यात हिरवा रंग ओतला, तो तिसऱ्या दिवशी खालच्या झऱ्यातून बाहेर आला. ते तीन दिवस पाणी कुठून कुठून फिरलं, ते बघायला हे दोघं झऱ्याच्या तोंडातून आत शिरायचे. गावचे कुमागाई-सान म्हणून एक म्हातारे आहेत, झऱ्यावरच्या देवळाची झाडलोट करतात. हे पाण्यात उतरले की ते काठावर बसून राहायचे, दोघं बाहेर येईपर्यंत.

एका रविवारी जेवताना पुष्करने मला हे सगळं समजावलं. ताटाशेजारी पापडाचे तुकडे मांडून.

"काकू, गुहेच्या तोंडापासून आम्ही दोरी बांधत जातो. ही बघा. आत गेलं की गुहेला दोन फाटे फुटतात. उजवा मोठ्या दालनात जातो, डावा पुढे बंद होतो. दोरीलाही तिथे दोन फाटे. आता परत येताना गाळ उठला, पाणी दुधासारखं झालं, की बत्ती असून उपयोग नाही. स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. मग त्या गाठीपाशी आल्यावर घरची दोरी कोणती आणि डावीकडची कोणती, कळणार कसं?"

"देवाला विचारायचं," मी म्हटलं.

"देव तिथे येत नाही, फार गार आहे. जाताना प्रत्येकाने आपापली खूण घरच्या दोरीला अडकवून जायची. येताना चाचपायचं. आपली खूण हाताला लागली की घर त्या बाजूला. मग ती काढून घ्यायची आणि बाहेर. पण आपली आपणच काढायची. दुसऱ्याची तिथे असेल, तर तो अजून आत आहे. तिला हात लावायचा नाही, गळ्यावर सुरी ठेवली तरी नाही."

"यात मेक्सिकोला जाऊन शिकण्यासारखं काय आहे रे?" मी म्हटलं. "आमच्या विहिरीवर शेंबडी पोरं हेच करायची. काठावर कपडे काढून उड्या मारायच्या. आणि काठावरच्या कपड्यांना कोणी हात लावायचा नाही. का, तर सदरा काठावर म्हणजे पोर पाण्यात. एकदा गणूच्या सदऱ्यावर शेळी बसली म्हणून त्याच्या चुलत्याने सदरा घरी नेला, भल्या मनाने. सांजच्याला सगळी पोरं आपापले कपडे घालून घरी गेली. गणूला कोणी शोधलंच नाही. दुसऱ्या दिवशी वर आला."

पुष्कर जेवायचा थांबला. मग म्हणाला, "काकू, तुम्हाला आमच्या वर्गात शिकवायला न्यायला हवं होतं."

त्यांच्या खुणा म्हणजे प्लास्टिकच्या चकत्या. त्या गार पाण्यात हातांत जाड मोजे घालावे लागतात आणि चकत्या सटकतात, अशी त्यांची तक्रार. मी उठले, गॅलरीतून दोन लाकडी चिमटे आणले, गॅसवर सुरी तापवली आणि चटके देऊन खाचा पाडल्या. श्रीहरीच्या चिमट्याला एक, पुष्करच्या चिमट्याला दोन. मोज्यातूनही बोटाला लागतील अशा खोल.

"मला दोन का, काकू?"

"तू दोनदा भात वाढून घेतोस म्हणून. आणि ऐक मेल्या, माझे चिमटे आहेत ते. जसे नेले तसे परत आणायचे."

मेल्या म्हटलं मी त्याला. आमच्याकडे लाडाने म्हणतात. आता जिभेला चटका द्यावासा वाटतो, पण म्हटलं ते म्हटलं.

पहिल्याच खेपेला श्रीहरी आपला चिमटा आत विसरून आला. मी त्याला जेवताना सोलून काढला. वस्तू सांभाळता येत नाही तर गुहा काय सांभाळणार, वगैरे. त्यानंतर त्या दोघांत एक थट्टाच होऊन बसली. "काकू ओरडतील" म्हणायचं, आणि जो मागून येईल त्याने पुढच्याचा राहिला असेल तर तोही काढून आणायचा. रविवारी पुष्कर दोन्ही चिमटे माझ्या ताटाशेजारी ठेवायचा आणि हात जोडायचा, "काकू, मुद्देमाल जमा."

दोन्ही चिमटे एकाच्या खिशातून निघतात म्हणजे एकाने दुसऱ्याच्या खुणेला हात लावलाय, एवढं गणूची गोष्ट सांगणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. मी हसले आणि त्याला पिठलं वाढलं.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी भल्या सकाळी पुष्कर श्रीहरीला न्यायला वर आला. चिमटा त्याने जाकिटाच्या कॉलरला लावला होता, नवरदेवाने फूल लावावं तसा. मी दारात उभी होते. म्हणाला, "संध्याकाळी मुद्देमाल जमा करतो." तेच शेवटचं.

दुपारी दोनला वीणाचा फोन वाजला. श्रीहरी बाहेर आला होता. पुष्कर आला नव्हता.

पोलिसांच्या पाणबुड्यांना तो तिसऱ्या दिवशी सापडला. डाव्या फाट्यात, जिथे गुहा बंद होते तिथे. टाकीत हवेचा थेंब नाही. डावीकडची दोरी हातात घट्ट धरलेली. बोटं उलगडून काढावी लागली म्हणे.

श्रीहरीने पोलिसांना सांगितलं, तेच आम्हाला सांगितलं. पुष्कर त्या दिवशी फार उत्साहात होता. "रस्ता पाठ झालाय, चिमटे कशाला," असं म्हणून त्याने खूण लावलीच नाही. येताना गाळ उठला, आणि हा पठ्ठ्या नको सांगितलेलं असताना डावीकडे बघायला गेला. चौकशी झाली, कागद झाले. त्यात अपघात असं लिहिलं.

मग तोयोसूपासून इथपर्यंत आपली जेवढी मराठी घरं आहेत तेवढ्यांत एकच वाक्य फिरलं: पुष्कर हावरेपणाने गेला. नाशिकहून त्याच्या वडिलांचा फोन आला, तो मीच घेतला. म्हातारा रडत नव्हता. म्हणाला, "लहानपणापासून असाच. ऐकायचंच नाही कुणाचं. तुमच्या मुलालाही उगाच ताप दिला." आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "आमच्या श्रीहरीने बजावलं होतं हो त्याला."

शिवानीलाही मी तेच ऐकवलं. पंधरा दिवस मी तिच्या घरी रोज डबा घेऊन जात होते. एकदा ती म्हणाली, "काकू, पोलिसांनी सगळं परत दिलं. घड्याळ, अंगठी, बत्ती. खिशातली किल्लीसुद्धा. फक्त तुमचा तो चिमटा नाही मिळाला. तोच मला हवा होता."

मी म्हटलं, "वाहून गेला असेल गं. लावायचा कंटाळा केला ना त्याने. कंटाळा केला नसता तर आज इथे बसून जेवला असता."

नवऱ्याची राख शेजारच्या खोलीत, आणि मी तिला हे बोलले. माझ्या मुलाने नीट केलं आणि तुझ्या नवऱ्याने चुकवलं, असा त्याचा अर्थ. शिवानी मान खाली घालून "हो काकू" म्हणाली.

इकडच्या लोकांत एकोणपन्नासावा दिवस करतात. कुमागाई-सानांनी झऱ्यावर पूजा ठेवली आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. शिवानी आली, आम्ही चौघं गेलो. चौथी म्हणजे माझी नात चैत्राली, सहा वर्षांची. घरात मराठी कळते, पण विचारलं तर उत्तर जपानीत देते.

झाडांची पानं सगळी गळलेली. झरा मात्र तसाच, निळा, वर वाफ सुटलेली. आत उतरायला दगडाच्या पायऱ्या आहेत. म्हातारे पायऱ्यांकडे बघत चैत्रालीशी काहीतरी बोलत होते. श्रीहरी आणि वीणा शिवानीला घेऊन देवळापाशी होते. मी विचारलं, "काय गं म्हणतात आजोबा?"

"शिरानाई," ती म्हणाली. म्हणजे माहीत नाही. मी डोळे वटारले तेव्हा मराठीत आली. "आजी, ते म्हणतात बाबा इथे बसले होते. खूप वेळ. हात असा." तिने मूठ वळून दाखवली. "ओजीसान बोलले, हात गार झालाय, चहा घ्या. बाबांनी उघडलीच नाही मूठ. दुसऱ्या हाताने घेतला चहा."

थंडीने आखडली असेल, मला वाटलं. घरी परत येताना पाच तास मी त्या मुठीचा विचार केला नाही, असं म्हणणार होते. पण केला.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. शिवानी दुसऱ्या दिवशी राख घेऊन नाशिकला निघणार होती, कायमची. चार वाजता आमच्याकडे निरोपाला येणार होती. तिची खोकी पोचवायला श्रीहरी सकाळीच बाहेर पडला, वीणा बाजारात गेली. आणि चैत्रालीने शाळेच्या कपड्यांवर सूप सांडलं. मी मशीन लावलं, कपडे काढले, स्टुलावर चढून फळीवरचा डबा उतरवला आणि गॅलरीत गेले.

दुसरा का तिसरा चिमटा असेल. मी खाली बघतही नव्हते. आराकावा नदीच्या पुलावरून गाड्या चालल्या होत्या, तिकडे डोळे होते. बोटाला खाच लागली. मग दुसरी.

मी तो चिमटा हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. चैत्राली काचेवर टकटक करत होती. लाकूड फुगून उललं होतं, स्प्रिंगवर गंज चढला होता. भरून आलेल्या माझ्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं, बोटांना कळत होतं. हा कॉलरवर लावून तो माझ्या दारातून गेला होता. दोरीला लावला नसेल, तर त्याच्या अंगावर सापडायला हवा होता. लावला असेल, तर गुहेतल्या गाठीवर असायला हवा होता. माझ्या डब्यात यायला त्याला एकच रस्ता होता, आणि तो त्या मुठीतून येत होता.

तीन वाजून गेल्यावर श्रीहरी आला. मी जेवायला वाढलं नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावर रिकामं ताट ठेवलं आणि ताटाशेजारी चिमटा.

त्याने तो बघितला. बूट काढायला वाकला होता, तसाच खाली बसला.

"मुद्देमाल जमा," मी म्हटलं. "बोल."

"आई..."

"आई नंतर. आधी बोल."

तो बुटाची नाडी सोडायला लागला. मग बोलला. मी मध्ये तोंड घातलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

दोघांनीही चिमटे लावले होते, नेहमीसारखे. येताना मोठ्या दालनात छताचा गाळ सुटला. पुष्करची बत्ती दिसेनाशी झाली. श्रीहरीला वाटलं, तो पुढे गेला. दोरीला धरून हा गाठीपाशी आला, चाचपलं, हाताला दोन चिमटे लागले.

"दोन लागले म्हणजे तो मागे होता," मी म्हटलं.

"हो."

"तुला माहीत होतं."

"माहीत होतं, पण त्या क्षणाला... आई, काही दिसत नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की तो पुढे गेलाय आणि चिमटा विसरलाय. हात आपोआप गेला. आम्ही नेहमीच दोन्ही काढायचो. आम्ही नेहमी म्हणायचो ना..."

"काकू ओरडतील."

ते ओरडणं माझंच होतं. रडू येत होतं, पण मी ते तोंडावर येऊ दिलं नाही. माझं रडणं त्याला पांघरूण म्हणून मिळालं असतं.

"पुढे."

"बाहेर आलो. कुमागाई-सान एकटेच. तेव्हा मूठ बघितली. तेव्हा कळलं."

"टाकीत हवा किती होती?"

त्याने मान वर केली. मला हे विचारता येईल, असं त्याला वाटलं नव्हतं. पण पापडाच्या तुकड्यांवर तेही शिकवलं होतं पुष्करने. हवेचे तीन वाटे करायचे. एक जायला, एक यायला, आणि तिसरा आपला नसतोच. तो जोडीदाराचा.

"तिसरा वाटा होता," तो म्हणाला.

"म्हणजे पुष्करचा वाटा तुझ्या पाठीवर होता. मग?"

"उतरलो परत. छातीपर्यंत. तोंडात नळी घातली. आई, पाय पुढे गेला नाही. मी प्रयत्न केला. पाय गेला नाही. मग पायरीवर बसलो. वाटलं, आता येईल. आता येईल."

पुष्कर तिकडे गाठीपाशी आला असेल. डोळ्यांपुढे दूध. चाचपलं असेल. या दोरीवर, त्या दोरीवर. दोन खाचा शोधल्या असतील, जाड मोज्यांतून, पुन्हा पुन्हा. काही नाही. मग म्हणाला असेल, ही ती गाठ नव्हेच, पुढे असेल. आणि दोरी न सोडता गेला. हावरट म्हणत होते त्याला सगळे. शेवटपर्यंत नियम पाळला तो एकट्यानेच.

"आणि पोलिसांना सांगितलंस, त्याने खूण लावली नाही."

"त्यांनी विचारलं खुणा कुठे आहेत. तोंडातून निघून गेलं. एकदा गेलं की मग..."

"मग हा माझ्या डब्यात का ठेवलास? टाकून द्यायचास."

"दोनदा कचऱ्याच्या पिशवीत टाकला. दोनदा परत काढला. टाकवेना. लपवला असता तर वीणाला सापडला असता. चिमट्यांत चिमटा कोण बघतं."

"म्हणून कपडे वाळत घालत होतास."

"हो."

सात आठवडे हा माणूस रोज सकाळी तो चिमटा माझ्या बोटांपासून राखत होता, आणि मी आपली उलट्या बनियनांची तक्रार करत होते.

तेवढ्यात वीणा आली. दोन्ही हातांत पिशव्या. आमच्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि पिशव्या अलगद खाली ठेवल्या. त्यावरून मला आणखी एक गोष्ट कळली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"तिसऱ्या आठवड्यात सांगितलं त्यांनी." ती दाराला टेकली. "आई, मी हात जोडते. जे झालं ते अपघातानेच झालं ना? चौकशी मिटली. आता हे उकरलं तर यांची नोकरी जाईल, इथून निघावं लागेल, चैत्रालीची शाळा... आणि शिवानीला काय मिळणार? आता जरा सावरलीये ती. तिला आणखी कशाला जाळायचं?"

"सावरली नाही. ती मान खाली घालायला शिकली. मी शिकवलं तिला."

"तुमच्या मुलाचा तरी विचार करा."

"त्याचाच करतेय."

"आई, पुष्कर परत येणार आहे का?"

"नाही. पण त्याचा बाप नाशिकला बसून म्हणतोय, माझं पोरगं ऐकायचं नाही. तो म्हातारा असाच म्हणत मरेल. ते चालेल तुला?"

वीणा रडायला लागली. चैत्राली आतून आली आणि "दोऊशिता नो?" म्हणून विचारायला लागली, काय झालं, काय झालं. वीणाने तिला उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. दार लागलं. घड्याळात चाराला दहा कमी होते. श्रीहरी अजून दारातच बसलेला, एक बूट पायात, एक हातात.

मी चिमटा उचलला आणि त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. बसले नाही. हे बसून बोलायचं बोलणं नव्हतं.

"ऐक श्रीहरी," मी म्हटलं. "गाळात हात चुकला, त्याला मी खून म्हणणार नाही. त्या हाताला ती सवय माझ्या तोंडाने लागली, माझा वाटा मी घेते; शिवानीपुढे तो मी स्वतः सांगेन, आणि तिला जे ऐकवलं ते खोटं होतं हेही सांगेन. पाय पुढे गेला नाही, त्यालाही मी काही म्हणत नाही. भीती माणसालाच वाटते. पण बाहेर उजेडात बसून मूठ मिटलीस ती भीती नव्हे. मेलेल्या मित्रावर खोटं घातलंस आणि सात आठवडे माझ्या हातचं जेवलास. हा नीचपणा आहे, आणि तो माझ्या पोटी निपजला. नोकरी जाऊ दे, देश सुटू दे, पोलीस काय करायचं ते करतील. हा चिमटा धर. शिवानीच्या हातात तू द्यायचास, तुझ्या तोंडाने सगळं सांगायचंस, आणि मग नाशिकला फोन लावून त्या म्हाताऱ्याला सांगायचंस की तुमचा मुलगा ऐकणारा होता. तिने थोबाडीत मारली तर दुसऱ्यांदा मारायला वेळ द्यायचा. हे झालं नाही, तर मी मेल्यावर माझ्या चितेला तू हात लावायचा नाहीस, मला परक्याने जाळलं तरी चालेल. ऊठ. बेल वाजली. दार तू उघड."